औषधांची ऑनलाइन विक्री (भारत)

संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर मागणी घेऊन औषधे घरपोच देण्याचा व्यवसाय. यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०१८ रोजी नियमांचा मसुदा काढला. त्यात केंद्राकडे नोंदणी, ५०,००० रुपये शुल्क आणि तीन वर्षांची मुदत सुचवली होती. पण तो अंतिम न होता पडून राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. थोडक्यात, गल्लीतल्या मेडिकलला लागू असलेला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ची नियमावली यांवरच हा व्यवहार चालतो.

म्हणून अ‍ॅपचे नाव किती मोठे यापेक्षा औषध प्रत्यक्षात कोणत्या दुकानातून निघाले, हे महत्त्वाचे. किरकोळ विक्रीचे परवाने नमुना (फॉर्म) २० व २१ मध्ये मिळतात आणि ते ठरावीक जागेपुरते असतात. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. परवान्याविना विक्री केल्यास तीन ते पाच वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

व्यवस्थेचे खरे दुखणे डॉक्टरच्या चिठ्ठीत आहे. औषध दिल्यावर विक्रेत्याने चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वरच्या बाजूस दुकानाचे नाव, पत्ता व तारीख लिहावी, असे १९४५च्या नियमावलीतील नियम ६५ सांगतो. औषध पुन्हा द्यावे असे डॉक्टरने लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. अपलोड केलेल्या फोटोवर मात्र अशी नोंद पडत नाही. तोच फोटो पाच अ‍ॅपवर चालतो. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामक) आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत ही फट फार धोकादायक आहे. अल्प्राझोलाम (झोप व चिंतेवरचे), सेफिक्झाइम (प्रतिजैविक) यांसारखी औषधे १ मार्च २०१४पासून ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे नियमावलीतील अधिक कडक नियंत्रणाच्या यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी, घरपोच विक्रीची खास मुभा दिली गेली, तेव्हाही ‘एच-१’ आणि ‘एक्स’ अनुसूचीतील औषधे वगळली होती आणि पोहोच दुकानाच्याच महसुली जिल्ह्यापुरती होती.

दुसरी अडचण पर्यायी ब्रँडची. लिहून दिलेले ‘एच’ अनुसूचीतील (चिठ्ठीवरच मिळणारे) औषध सोडून परस्पर दुसरे देण्यास नियमांत बंदी आहे, तरी अ‍ॅप स्वस्त पर्याय पुढे करतात. थायरॉक्सिन (थायरॉइडसाठी), फेनिटॉइन (फिट्ससाठी), वॉरफेरिन (रक्त गोठू नये म्हणून) यांच्या मात्रेत थोडा फरकही भोवतो. ही औषधे डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नयेत.

वाहतुकीत सर्वाधिक नुकसान इन्सुलिनचे होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारभर डिलिव्हरीच्या पिशवीत पडलेले पाकीट तापते. उलट, गोठलेल्या जेल पॅकला थेट टेकलेली कुपी गोठू शकते, आणि गोठून वितळलेले इन्सुलिन कधीकधी दिसायला ठीक असूनही काम करत नाही. दुधी इन्सुलिन हलक्या हाताने घोळवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण राहिले, तर ते वापरू नये. मुळात पारदर्शक असलेले इन्सुलिन गढूळ दिसले, तरी परत करावे.

पार्सल डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच उघडावे. बिलावर दुकानाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहावा. बिलावरचा बॅच क्रमांक व मुदत स्ट्रिपवरच्या छपाईशी ताडून घ्यावी. स्ट्रिप कापून आली असेल आणि मुदतीची तारीख कापलेल्या भागात गेली असेल, तर घेऊ नये. ठरावीक ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३पासून बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन करून दिसणारा उत्पादक, बॅच आणि परवाना क्रमांक वेष्टनाशी जुळला पाहिजे. गर्भपाताच्या गोळ्या मात्र कोणत्याही अ‍ॅपवरून मागवू नयेत: गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असेल, तर त्या निष्फळ ठरतात आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो.

परदेशी संकेतस्थळावरून स्वतःसाठी औषध मागवायचे असल्यास नमुना १२-ए मध्ये अर्ज करून १२-बी परवाना घ्यावा लागतो.

संशयास्पद औषध फेकून देऊ नये. वेष्टन, बिल व उरलेल्या गोळ्यांसह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्यावी. बॅच क्रमांक हाती असला, तर औषध निरीक्षक त्याच बॅचचे नमुने दुकानातून घेऊन तपासणीस पाठवू शकतो.