पटवर्धन, सुधीर

(१९४९– ). मुंबई-ठाण्यातली कष्टकरी माणसे आणि त्यांचे शहर रंगवणारे मानवाकृतिप्रधान चित्रकार. जन्म पुण्याचा. तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. त्यानंतर पूर्णवेळ चित्रकला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. सेझान, पिकासो, लेजे या युरोपीय आधुनिक चित्रकारांची चित्रे अभ्यासत ते शिकले. मार्क्सवादी विचारांचा प्रभाव सुरुवातीपासून होता.

पहिले एकल प्रदर्शन १९७९ मध्ये दिल्लीत भरले. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या मुंबई-दिल्लीतील प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासोबत त्यांची चित्रे होती. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना माणूस आणि त्याचा भोवताल यांना चित्रात परत जागा देणारे म्हणून ते प्रदर्शन महत्त्वाचे ठरले.

‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) या सुरुवातीच्या तैलचित्रांत माणूस जवळून दिसतो. देह जड, हातपाय भरीव, चेहरा मिटलेला. क्ष-किरणांच्या व्यवसायाशी या देहांचा संबंध नेहमी जोडला जातो, पण तो फार ताणू नये. चित्रात जाणवतो तो अंगमेहनतीने आलेला भार. माणूस बिचारा दिसत नाही, पोस्टरवरच्या कामगारासारखा वीरही दिसत नाही, आणि हा तोल साधणे सर्वांत अवघड आहे.

१९८०च्या दशकात चौकट रुंदावली. ‘टाउन’ (१९८४), ‘नाला’ (१९८५), पुढे ‘पोखरण’ (हा ठाण्यातला भाग), ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रांची बांधणी बारकाईने पाहावी. एकाच जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवरून गर्दी रंगवली की पुढचा माणूस मागच्यांना झाकतो, आणि दूरची माणसे ठिपक्याएवढी होतात. पटवर्धन क्षितिजरेषा बरीच वर चढवतात. त्यामुळे जमीन उभी होते आणि रस्ता, रूळ, घरे एकावर एक रचत नेता येतात. शिवाय एकाच कॅनव्हासवर नजरेच्या दोन-तीन जागा येतात: इथे वरून दिसणारा रस्ता, तिथे समोरून दिसणारी भिंत. असे यथादर्शन (पाहण्याच्या जागेनुसार खोली आणि अंतर दाखवण्याची रीत) बदलताना सांधा निसटला, तर चित्र कात्रणे चिकटवल्यासारखे विस्कळीत होते. म्हणून तो सांधा इमारतीचा कोपरा, पुलाचा खांब किंवा कुंपण अशा ठिकाणी घेणे सोयीचे पडते. पाहणाऱ्याला तो खटकत नाही. प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने आणि आठवण यांतून हे दृश्य जुळवलेले असते. ते ठाण्यातले किंवा मुंबईतले म्हणून ओळखू येते, पण तसे एका नजरेत कुठेच दिसत नाही. छोट्या छापील प्रतीत ही रचना सपाट वाटते. मूळ चित्रासमोर आधी लांबून आणि मग कडेने सरकत पाहिले की ती उलगडते.

अलीकडच्या अनेक चित्रांत तैलरंगांऐवजी अ‍ॅक्रिलिक हा पाण्यात मिसळणारा रंग आहे. ते लवकर वाळते, त्यामुळे मोठ्या चित्रात वारंवार बदल करता येतात; मात्र ओल्या रंगात रंग मिसळायला वेळ कमी मिळतो.

मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर त्यांच्या चित्रांतला समूहावरचा विश्वास डळमळला. ‘रायट’ (१९९६) त्याच काळातले. घर, कुटुंब, म्हातारपण हे विषय नंतर आले. सात कॅनव्हासांच्या ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’मध्ये (२०१४) ते पुन्हा शहराकडे वळले.

समकालीन कला मुंबईबाहेरच्या मराठी प्रेक्षकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या फिरत्या प्रदर्शनाची आखणी केली. महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांतून ते फिरले. कलेच्या प्रसारातले हे काम त्यांच्या चित्रांइतकेच नोंदवण्याजोगे आहे. त्यांच्या स्वतःच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये भरले. कलासमीक्षक नॅन्सी अदजानिया यांनी त्याची मांडणी केली होती.