जळगावच्या उन्हात समुद्राचा मासा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा गावात कुणी घरी समुद्राचा मासा पाळला, की पहिला प्रश्न येतो: पाणी कुठून आणता? ते त्यातलं सोपं काम. मत्स्यालयासाठीचं तयार मीठ विकत मिळतं आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम विरघळवलं की समुद्राइतका खारटपणा येतो. स्वयंपाकाचं मीठ मात्र चालत नाही. समुद्रातल्या क्षारांत सोडियम क्लोराइड सुमारे ८५ टक्केच असतं. उरलेलं मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमही माशाला लागतं.

खरी पंचाईत बाष्पीभवनाची. उन्हाळा सरता सरता कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. टाकीतही तेच होतं. १०० लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडालं आणि भर घातली नाही, तर पाच दिवसांत खारटपणा ३५ वरून ३९ च्या जवळ जातो.

माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ती तूट भरायला तो समुद्राचंच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. या उपशाला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू. नेमका तोच गरम, खारट पाण्यात कमी विरघळतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. ३५ अंशांना तो सहाच्याही खाली येतो. म्हणजे काम वाढतं तेव्हाच श्वास अपुरा पडतो.

गंमत अशी, की खानदेशात यावरचा उतारा बाष्पीभवनातच आहे. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात १०० लिटरची टाकी जवळजवळ सहा अंशांनी गार व्हावी. खोलीतली उष्णता आत येत राहते, त्यामुळे पूर्ण हिशेब पदरात पडत नाही. तरीही पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर कोरड्या उन्हाळ्यात पाणी हवेपेक्षा बरंच गार राहतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा फारसं काही करत नाही. पंखा चालला की टाकी झपाट्याने आटते, म्हणून रोज भर घालायची. ही भर गोड्या पाण्याची, शक्यतो आरओची. खारं पाणी ओतलं तर मीठ साचत जातं आणि बोअरचं जड पाणी स्वतःचे क्षार घेऊन येतं.

पहिला मासा आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवावी. तेवढ्यात मासा अंगातून टाकतो त्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. ही घाई इथे जास्त महागात पडते, कारण पाण्याचं तापमान आणि पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढले की अमोनियाचा विषारी अंश वाढतो आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच मुळातच ८ च्या वर असतो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवाच.

आणि मासा कोणता? रंगीबेरंगी प्रवाळी मासे माझ्या मते इथे नकोत. त्यांना बारा महिने एकसारखं पाणी लागतं. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर कायद्यानेच संरक्षित आहेत, त्यांना किनाऱ्यावरून उचलायचं नाही. त्यापेक्षा खडकांतल्या डबक्यांत राहणारे गोबी जातीचे छोटे मासे बरे. ओहोटीच्या वेळी दुपारच्या उन्हात ती डबकी तापतात, आटून जास्त खारट होतात आणि पावसात एकदम गोडी होतात. हे सगळं सोसतच ते वाढतात. खाडीत सापडणारा, अंगावर कमानीसारखे काळे पट्टे असलेला तेरापॉनही असाच चिवट. पण तो खोडकर आहे, दुसऱ्या माशांचे खवले कुरतडतो. त्याला एकटाच ठेवावा. शिवाय पिल्लू आणलं तरी पुढे तो वीतभराहून मोठा होतो, तेव्हा १०० लिटर त्याला पुरत नाहीत.

टाकी मोडायची वेळ आली तर त्याला गिरणेत किंवा वाघूरमध्ये सोडू नये. हा मासा गोड्या पाण्यातही शिरतो आणि तग धरू शकतो, आणि त्याच्याबरोबर टाकीतले रोग नदीत उतरतात. तो दुसऱ्या हौशी माणसाकडे द्यावा.