सौदा आज, शेअर उद्या

परवा भाच्याने विचारलं, "मामा, यूपीआयने वडापाववाल्याला पैसे क्षणात पोचतात. मग सोमवारी घेतलेला शेअर डीमॅट खात्यात मंगळवारी का येतो?" या प्रश्नाचं उत्तर बोरिवलीहून चर्चगेट येईपर्यंत पुरेल एवढं आहे. त्याला खुपणारा हा एक दिवस एके काळी पंधरवड्याचा होता, आणि मुंबईच्या शेअरबाजाराचा बराचसा इतिहास सौदा ठरणं आणि पैसे चुकते होणं यांच्यामधल्या त्या फटीतच घडला आहे.

1850च्या दशकात टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या एशियाटिक लायब्ररीसमोर, वडाखाली मूठभर दलाल जमत. सौदा तोंडी व्हायचा. शब्द फिरवला तर उद्या त्या वडाखाली कोणी उभं करणार नाही, एवढीच काय ती हमी. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. शहरात पैसा आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे राजे. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतूनच राजाबाई टॉवर उभा राहिला. पण बहुतेक सौदे वायद्याचे होते. भाव आज ठरवायचा, पैसे 1 जुलै 1865 रोजी द्यायचे. एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला, आणि 1 जुलै उजाडला तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडून पैसे येण्याची वाट पाहत होता. बँक ऑफ बॉम्बेचा 2850 रुपयांवर गेलेला शेअर 87 रुपयांवर आला. पोळलेल्या दलालांनी 1875 मध्ये संघटना बांधली. तोच आजचा बीएसई, म्हणजे मुंबई शेअरबाजार.

संघटना झाली तरी फट राहिलीच. त्या फटीत वाढलेली, माझ्या मते भारतीय बाजाराची सगळ्यात डोकेबाज निर्मिती म्हणजे बदला.

समजा, तुम्ही 210 रुपयांनी 100 शेअर घेतले. पंधरवडा संपला, पण 21,000 रुपये हातात नाहीत. भाव वर जाईल अशी आशा मात्र आहे. मग बाजार एक हवाला भाव, म्हणजे हिशेबापुरता भाव, ठरवायचा, समजा 200. तुम्ही फरकाचे 1,000 रुपये भरायचे आणि तुमचा सौदा 200च्या भावाने पुढच्या पंधरवड्यात ढकलला जायचा. पण समोरच्या विक्रेत्याला तर आजच पैसे हवेत! ते बदलेवाला सावकार द्यायचा. तो शेअर स्वतःकडे ठेवायचा आणि शेअरमागे, समजा, 2 रुपये बदला घ्यायचा. 200वर 2 म्हणजे पंधरवड्याला 1 टक्का, वर्षाचे 26 पंधरवडे धरले तर 26 टक्के व्याज. हा दर कोणी वरून ठरवायचा नाही, शनिवारच्या बदला सत्रात तो मागणी-पुरवठ्यावर निघायचा. तेजीवाले जास्त असले की बदला चढायचा. उलट शेअर हाती नसताना विकून बसलेले मंदीवाले जास्त झाले, तर शेअर उसने मिळवायला तेच पैसे मोजायचे. तो उंधा, म्हणजे उलटा, बदला. म्हणजे बदल्याचा दर पाहिला की बाजार कुठे कलला आहे ते कळायचं. (त्यासाठी शनीची दशा बघणारेही होते आणि आहेत. मुहूर्ताच्या सौद्यांवर श्रद्धा असणाऱ्यांनी एवढंच सांगावं: त्याच मुहूर्तावर, त्याच शेअरमध्ये, त्याच भावाला विकणाराही असतोच ना? मुहूर्त नेमका कोणाला लाभतो?)

बदल्याचा दोष उघड होता. सौदे ढकलत ढकलत डोंगर व्हायचा आणि सावकाराने हात आखडले की 1865चीच गत. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 1993च्या अखेरीस बदला थांबवला, मग सुधारून परत आणला आणि जुलै 2001 मध्ये कायमचा मोडीत काढला.

फट बुजायला आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे शेअरचे कागदी दाखले जाणं. आमच्या घरी वडिलांनी विकलेले शेअर 'सही जुळत नाही' या शेऱ्यानिशी दोनदा परत आले होते. सही त्यांचीच, फक्त वीस वर्षं जुनी. 1996 मध्ये डीमॅट आलं आणि शेअर म्हणजे खात्यातली नोंद झाली. त्याच वर्षी एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअरबाजाराच्या, क्लिअरिंग कॉर्पोरेशनने प्रत्येक सौद्याच्या मधे उभं राहायला सुरुवात केली. प्रत्येक विक्रेत्याची खरेदीदार तीच, प्रत्येक खरेदीदाराची विक्रेती तीच. समोरचा बुडाला तरी तुमचा सौदा बुडत नाही. शिवाय दिवसभरात तुम्ही 500 घेतले आणि 450 विकले, तर हिशेब फक्त 50चा. भाच्याचा तो एक दिवस या वजाबाकीसाठी जातो. प्रत्येक सौदा तिथल्या तिथे चुकता करायचा, तर सगळ्यांना सगळी रक्कम आणि सगळे शेअर आधीच तयार ठेवावे लागतील.

फट आक्रसत गेली: 2002 मध्ये तीन दिवस, 2003 मध्ये दोन, जानेवारी 2023 पासून एक. मार्च 2024 मध्ये 25 शेअरांसाठी त्याच दिवशीचा ऐच्छिक प्रयोगही सुरू झाला.

आणि बदला? शेअरांचे वायदे नोव्हेंबर 2001 मध्ये सुरू झाले. महिनाअखेर आली की लोक चालू महिन्याचा वायदा मोडून पुढच्या महिन्याचा घेतात, त्याला आता रोलओव्हर म्हणतात. त्या दोन भावांतला फरक एकदा मोजून पाहा. बहुतेकदा तो महिन्याच्या व्याजाच्या आसपास निघतो.