वैद्यकीय शिक्षणातील पोषणशास्त्र

वैद्यकीय शिक्षणातील पोषणशास्त्र : आहार आणि आजार यांचा संबंध ओळखून रुग्णाला परवडेल, पचेल आणि पाळता येईल असा खाण्याचा सल्ला देता यावा, यासाठी भावी डॉक्टरांना दिले जाणारे शिक्षण. भारतातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात हा स्वतंत्र विषय नाही. जीवनसत्त्वे जीवरसायनशास्त्रात शिकवली जातात, स्तनपान व कुपोषण बालरोगशास्त्रात, मधुमेहाचा आहार मेडिसिनमध्ये. आहार-सर्वेक्षण, पोषणाच्या गरजा, भेसळ आणि राष्ट्रीय कार्यक्रम हे सारे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतल्या ‘पीएसएम’कडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा तर चार घरचा.

विषयाच्या मांडणीवर अभावजन्य रोगांची छाप आहे आणि त्याला इतिहास आहे. रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या) चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्राचा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा) संबंध तेथील संशोधकांनी ज्वारीतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाशी जोडला. बेरीबेरी, पेलाग्रा, लाखेच्या डाळीने होणारा, पाय लुळे करणारा लॅथिरिझम यांवर विद्यार्थी आजही पाने भरून लिहितात. समोरच्या मधुमेहीने रात्री किती भाकरी खाव्यात, याचे उत्तर मात्र अनेकदा ‘गोड आणि भात कमी करा’ एवढ्यावर आटोपते.

ही उणीव भारतापुरती नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये एका राष्ट्रीय समितीने पोषणासाठी किमान २५ तासांची शिफारस केली होती; २००८-०९ च्या पाहणीत तेथील महाविद्यालये सरासरी १९.६ तासच देत होती.

भारतात २०१९ पासून क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे ठरवून आखलेला, अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पीएसएमकडे पोषणाच्या आठ क्षमता आहेत. स्थानिक अन्न आणि घरची ऐपत पाहून आहार सुचवणे ही त्यांतलीच एक. पण ती दाखवायची बनवलेल्या प्रसंगात, खऱ्या घरात नव्हे.

खरे शिक्षण होते ते घराच्या ओट्यावर. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शिबिरासाठी खेड्यात राहतात. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सर्वच महाविद्यालयांसाठी कुटुंब दत्तक योजना आणली; तीत विद्यार्थी ठरावीक कुटुंबांना भेटी देऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवतात. अशा भेटींत वापरण्याची ठरलेली पद्धत म्हणजे चोवीस तासांची आठवण : काल सकाळपासून घरात काय शिजले, कच्चे धान्य किती घेतले, कोणती वाटी, किती चमचे. सणाचा किंवा उपवासाचा दिवस टाळायचा असतो. चतुर्थी, एकादशी आणि गुरुवार धरणाऱ्या घरात असा दिवस शोधणे हेच एक काम. तेलाचा प्रश्न ‘काल किती वापरले?’ असा विचारून सुटत नाही. महिन्याला किती पिशव्या लागतात ते विचारून भागाकार केला, की अंदाज लागतो. लहान मुलांच्या दंडाचा घेर टेपने मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो ११.५ सेंमी. पेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित धरले जाते.

मग हिशेब. घरातल्या प्रत्येकाची उष्मांकांची गरज ‘उपभोग-एककां’त मोजतात : बैठे काम करणारा पुरुष म्हणजे १ उपभोग-एकक, तशीच स्त्री ०.८. एकूण उष्मांकांना एककांच्या बेरजेने भागले की वहीत घर ठीकठाक दिसते. या आकड्यात अन्न गरजेनुसार वाटले गेले असे गृहीत असते. प्रत्यक्षात घरची सून सगळ्यांचे झाल्यावर जेवते, आणि तोवर डाळ तळाला गेलेली असते. त्यामुळे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘तुम्ही शेवटी काय घेतले?’ असे वेगळे विचारले, तरच तिचे ताट वहीत उतरते. तिचा हिमोग्लोबिनचा आकडा मात्र तपासणीत आपोआप येतो.