टेक्स्ट एडिटरमधील स्प्रेडशीट : सूत्रे आणि सेलचे पत्ते

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उभ्या रेघांनी आखलेल्या तक्त्यावर सूत्रे चालवून आकडेमोड करण्याची पद्धत. वेगळे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर न उघडता, ज्या एडिटरमध्ये टिपणे किंवा अहवाल लिहिणे चालू आहे तिथेच बेरजा, सरासरी आणि गुणाकार करता येतात. या पद्धतीचे सर्वांत विकसित रूप ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये आढळते. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

स्प्रेडशीट हा प्रकार घराघरांत पोहोचला तो १९७९ साली ॲपल-२ संगणकासाठी आलेल्या व्हिसिकॅल्कमुळे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तो घडवला. रकान्याला अक्षर, ओळीला आकडा आणि दोन्ही मिळून सेलचा पत्ता ही रीत तिथूनच रुळली. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र सेलच्या पोटात दडलेले असते आणि वर दिसते ते फक्त उत्तर. टेक्स्ट एडिटरमध्ये दडवायला जागाच नाही, कारण फाइलमध्ये जे लिहिले आहे तेच पडद्यावर दिसते. त्यामुळे सूत्रे सेलबाहेर, तक्त्याच्या खाली एका ओळीत उघडपणे लिहिली जातात. या पद्धतीची सोय आणि तिच्यातली गोम, दोन्ही या एका गोष्टीतून निघतात.

ऑर्ग मोड २००३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी सुरू केला. मूळ हेतू टिपणे आणि कामांच्या याद्या सांभाळण्याचा होता. गणिताचा भार मात्र ऑर्ग स्वतः उचलत नाही. डेव्ह गिलेस्पी यांनी लिहिलेले कॅल्क हे ईमॅक्समधलेच गणकयंत्र त्याच्या पाठीशी असते. कॅल्क साधे गणकयंत्र नव्हे. त्याला बीजगणित येते, सदिश येतात, एककेही येतात. सूत्रांतले बरेचसे गुणदोष या कॅल्ककडूनच आले आहेत.

तक्ता असा दिसतो :

| तुकडा | लांबी | रुंदी | क्षेत्रफळ |
|-------+-------+-------+-----------|
| पहिला | १२ | ५ | ६० |
| दुसरा | ८ | ७ | ५६ |
| तिसरा | २० | ३ | ६० |
|-------+-------+-------+-----------|
| एकूण | | | १७६ |
#+टीबीएलएफएम: $४=$२*$३::@५$४=व्हीसम(@२..@४)

(येथे आकडे आणि आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये दोन्ही रोमन लिपीतच टंकावी लागतात. देवनागरी अंक सूत्रांना आकडा म्हणून ओळखू येत नाहीत.)

शेवटची ओळ हे सगळे गणित. तिच्यात दोन सूत्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन अपूर्णविराम जोडून टाकले आहेत. पहिले सूत्र रकान्याचे : चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक सेलमध्ये त्याच ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याचा गुणाकार मांडा. दुसरे एकाच सेलचे : पाचव्या ओळीच्या चौथ्या रकान्यात वरच्या तीन ओळींची बेरीज करा. ‘एकूण’च्या ओळीलाही रकान्याचे सूत्र लागू व्हायला हवे होते, पण सेलसाठी वेगळे सूत्र असेल तर रकान्याचे सूत्र त्या सेलला हात लावत नाही. आडव्या रेघा ओळींच्या मोजणीत धरल्या जात नाहीत. पहिल्या आडव्या रेघेच्या वरचा भाग शीर्षक समजला जातो आणि रकान्याचे सूत्र त्याच्या वाटेला जात नाही. तक्त्यात एकही आडवी रेघ नसेल, तर मात्र शीर्षकालाही संरक्षण नाही. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द पुसून त्याच्या जागी भलताच मजकूर आलेला पाहिला, की नवशिक्याला ही रेघ कायमची लक्षात राहते.

पत्त्यांची रीत

‘@’ म्हणजे ओळ, ‘$’ म्हणजे रकाना, आणि आधी ओळ मग रकाना. @३$२ म्हणजे तिसऱ्या ओळीतला दुसरा रकाना. नेहमीच्या स्प्रेडशीटमधून आलेल्या माणसाची इथे दोनदा फसगत होते. एक तर क्रम उलटा आहे. तिकडे रकान्याचे अक्षर आधी आणि ओळीचा आकडा नंतर येतो. दुसरे म्हणजे ‘$’ चिन्ह. तिकडे ते पत्ता पक्का करण्यासाठी, म्हणजे सूत्र दुसरीकडे उतरवले तरी तो बदलू नये म्हणून लावतात. ऑर्गमध्ये त्या चिन्हाचा कुलूपकिल्लीशी काही संबंध नाही, ते फक्त ‘रकाना’ असे सांगते. बी-३ सारखा ओळखीचा पत्ता लिहिला तर ऑर्ग तोही समजून घेतो, पण साठवताना आपल्याच रीतीने लिहितो.

पत्त्याचा अर्धा भाग गाळता येतो, आणि खरी मजा तिथे आहे. $२ एवढेच लिहिले की ‘या ओळीतला दुसरा रकाना’, आणि @२ एवढेच लिहिले की ‘या रकान्यातली दुसरी ओळ’. वरच्या बेरजेत व्हीसम(@२..@४) असे लिहिले तरी चौथ्याच रकान्याची बेरीज झाली ती यामुळे. वजा किंवा अधिक चिन्ह लावले की पत्ता सापेक्ष होतो : @-१ म्हणजे आपल्या वरची ओळ, $+१ म्हणजे उजवीकडचा रकाना. पहिल्या ओळीसाठी @<, शेवटच्या ओळीसाठी @>. रकान्यांसाठी तसेच $< आणि $>. म्हणून वरच्या सूत्रात @५$४ ऐवजी @>$४ लिहिणे जास्त शहाणपणाचे. तक्ता वाढला तरी बेरीज तळाशीच राहते.

आडव्या रेघांनाही पत्ते आहेत. ‘@’ नंतर रोमन एक लिहिला की पहिली रेघ, रोमन दोन लिहिला की दुसरी. ‘पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत’ अशी बेरीज मांडली की मध्ये कितीही ओळी घातल्या किंवा काढल्या तरी सूत्राला हात लावावा लागत नाही. ओळींचे आकडे मोजत बसण्यापेक्षा ही सवय केव्हाही बरी. कर्सर असलेल्या सेलचा पत्ता विचारण्यासाठी आणि सगळ्या तक्त्यावर ओळी-रकान्यांचे आकडे दाखवण्यासाठी आज्ञा आहेत. मोठ्या तक्त्यात त्या वापरल्याशिवाय सूत्र लिहू नये.

आकड्यांऐवजी नावेही चालतात. तक्त्याचा पहिला रकाना खुणांसाठी राखून ठेवायचा. ज्या ओळीत तिथे उद्गारचिन्ह असते ती ओळ रकान्यांना नावे देते, आणि ज्या ओळीत ‘$’ असते ती ठरावीक मूल्ये पुरवते. पण या खुणा एकदा आल्या की नियम बदलतात : ज्या ओळींच्या पहिल्या रकान्यात ‘#’ किंवा ‘*’ आहे त्यांचेच फेरगणित होते, बाकीच्या ओळी जशाच्या तशा राहतात. अर्धा तक्ता जुन्याच आकड्यांवर राहिला असेल तर आधी इथे पाहावे. दुसऱ्या तक्त्यातला आकडा हवा असेल तर त्या तक्त्याला नाव देऊन ‘रिमोट’ या शब्दाने तो आणता येतो.

उत्तर हा नुसता मजकूर

नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे तत्काळ बदलतात. टेक्स्ट एडिटरमध्ये तसे होत नाही. वरच्या तक्त्यात १२ चे १५ केले तरी शेजारी ६० आणि खाली १७६ तसेच राहतील. सूत्रांच्या ओळीवर कर्सर नेऊन ‘कंट्रोल-सी’ दोनदा दाबले की ७५ आणि १९१ येतील. सेलमधले उत्तर हे एकदा लिहिलेले अक्षर आहे. कोणी हाताने दुसरा आकडा टंकला तरी तक्रार करणारे कोणी नाही. छापण्यापूर्वी किंवा दुसऱ्याकडे फाइल पाठवण्यापूर्वी फेरगणित करणे हे म्हणूनच ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे काम.

याच स्वभावामुळे एक विचित्र चूक घडते. बेरजेच्या सूत्रात चुकून स्वतःचाच सेल धरला, म्हणजे @२..@४ ऐवजी @२..@५ लिहिले, तर नेहमीची स्प्रेडशीट चक्राकार संदर्भ म्हणून अडवते. ऑर्ग अडवत नाही. सेल रिकामा असताना पहिल्यांदा १७६ हे बरोबर उत्तर येते, दुसऱ्यांदा गणित केले की ३५२, तिसऱ्यांदा ५२८. पहिले उत्तर बरोबर आल्यामुळे सूत्रावर शंका येत नाही.

गणिताचा क्रमही ठरलेला असतो. प्रत्येक ओळीत रकान्यांची सूत्रे डावीकडून उजवीकडे चालतात, सेलची सूत्रे त्यानंतर. डावीकडचा रकाना उजवीकडच्यावर अवलंबून ठेवला तर पहिल्या फेरीत जुना आकडा उचलला जातो. उत्तरे बदलणे थांबेपर्यंत फेरगणित करणारी आज्ञा आहे, पण शक्यतो रकान्यांचा क्रमच सरळ ठेवावा.

कॅल्कच्या काही खोडी माहीत असाव्यात. तिथे गुणाकार हा भागाकारापेक्षा आधी केला जातो. १२/२*३ चे उत्तर शाळेतल्या नियमाने १८ येते, कॅल्क मात्र २ सांगतो, कारण तो ते १२/(२*३) असे वाचतो. कंस घालण्यात कंजुषी करू नये. दुसरी खोड बीजगणिताची. आकड्याच्या जागी शब्द सापडला तर कॅल्क त्याला चल समजतो आणि उत्तरात तो शब्द तसाच ठेवून राशी लिहून देतो. वाढती बेरीज काढताना ‘वरची ओळ अधिक ही ओळ’ असे सूत्र लिहिले, की पहिल्या नोंदीच्या वर शीर्षक असल्यामुळे हमखास हा गोंधळ होतो. सूत्राच्या शेवटी अर्धविराम देऊन रोमन ‘एन’ लिहिला की आकडे नसलेल्या सगळ्या गोष्टी शून्य धरल्या जातात.

अर्धविरामानंतरची ही जागा इतर सूचनांसाठीही आहे. तिथे दशांशाची स्थळे ठरवता येतात, तास-मिनिटांचा हिशेब मागता येतो. काही न सांगितल्यास गणित १२ अंकांच्या अचूकतेने होते आणि तक्ता आटोपशीर राहावा म्हणून उत्तर ८ अंकांत दाखवले जाते. व्याप्तीतले, म्हणजे @२..@४ सारख्या पट्ट्यातले, रिकामे सेल एरवी वगळले जातात. सरासरी काढताना याचा विसर पडला तर भाजक चुकतो : तीन मोजमापांपैकी एक राहून गेले असेल तर सरासरी दोघांचीच निघते. कधी हेच हवे असते, कधी अजिबात नको असते.

कॅल्कऐवजी ईमॅक्सच्या लिस्प भाषेतही सूत्र लिहिता येते. त्याने मजकूर जोडणे, तुलना करणे अशी कामे होतात. पण लिस्पचे सूत्र म्हणजे चालणारा प्रोग्राम. अनोळखी माणसाकडून आलेल्या फाइलमधली सूत्रे वाचल्याशिवाय चालवू नयेत. निदान इथे ती वाचता तरी येतात.

ओळी हलवताना

ऑर्गच्या आज्ञांनी ओळ किंवा रकाना घातला, काढला, सरकवला तर सूत्रांतले पक्के पत्ते आपोआप दुरुस्त होतात, सापेक्ष पत्ते मात्र तसेच राहतात. हीच ओळ साध्या कापा-चिकटवाने हलवली तर एडिटरच्या दृष्टीने तो फक्त मजकूर इकडचा तिकडे झाला, सूत्रे जुन्याच जागी बोट दाखवत राहतात. एडिटरचे स्वातंत्र्य आणि तक्त्याची शिस्त यांचा खटका उडतो तो बहुधा इथे. देवनागरी मजकुराच्या तक्त्यात आणखी एक अडचण असते : जोडाक्षरे आणि मात्रांची रुंदी समान-रुंदीच्या फाँटमध्ये नीट बसत नाही, त्यामुळे उभ्या रेघा वाकड्यातिकड्या दिसतात. गणितावर याचा परिणाम होत नाही. डोळ्यांना मात्र तो खुपतो आणि कोणता सेल कुठल्या रकान्यात आहे हे नजरेने ओळखणे अवघड होते.

ईमॅक्समध्येच एसईएस नावाची आणखी एक स्प्रेडशीट आहे. तिच्यात प्रत्येक सेलचे सूत्र थेट लिस्पमध्ये असते. विम एडिटरसाठी टेबल मोड नावाचे पूरक सॉफ्टवेअर आहे, तेही सूत्र तक्त्याखालच्या ओळीत ठेवते. जेम्स गॉसलिंग यांनी मूळ लिहिलेले टर्मिनलमधले एससी हे एडिटर नसून स्वतंत्र स्प्रेडशीट आहे, मात्र त्याची फाइल साध्या मजकुराची असते.

फाइल आवृत्ती-नियंत्रणात, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, ठेवली असेल तर सूत्र कधी आणि कसे बदलले हे एका ओळीच्या फरकात दिसते. @२..@४ चे @२..@५ झाले असेल, तर ते कोणत्या दिवशी झाले हेही तिथे सापडते.