सर आधी कुठं होते?

जून-जुलै आला की माझा फोन सुरू होतो. पाचोरा, चोपडा, शिंदखेडा, कुठूनही येतो, पोराला डिप्लोमाला टाकायचंय, पोरीला बीई करायचंय, कोणतं कॉलेज घेऊ भाऊ. फी विचारतात, बस कुठून आहे ते विचारतात, प्लेसमेंट तर विचारतातच, पण शिकवणारे सर-मॅडम कोण आहेत हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलंय. मी मात्र सांगतो की कॉलेज बघायला गेलात ना तर डिपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये शिक्षकांच्या फोटोंचा बोर्ड असतो तो दहा मिनिटं उभं राहून वाचा, फोटोखाली डिग्री असते, अनुभव असतो आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात रिसर्च इंटरेस्ट लिहिलेला असतो. ती शेवटची ओळ कुणी वाचत नाही आणि खरा माणूस तिथंच असतो.

माझं डिप्लोमा मेकॅनिकल. आम्हाला वर्कशॉपला एक सर होते, ते शिकवायला येण्याआधी भुसावळला रेल्वेच्या लोको वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम करून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एका चालू मोटरजवळ नेलं, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक बेअरिंगच्या, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या गोळ्यांच्या कड्याच्या, हाउसिंगवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग एकेकाला तेच करायला लावलं. मी घाईत सांगून टाकलं की सर बेअरिंग खराब आहे, तर ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पह्यले आवाज आयक, मंग बोल." मग पाच मिनिटं मी फक्त ऐकत होतो. गुरगुर चालली होती आणि तिच्या आत एक बारीक टिकटिक होती, एकदा कानात बसली की मग दुसरं काही ऐकूच येईना. स्टील आवाज फार चांगला वाहून नेतं, हवेपेक्षा कितीतरी जोरात, म्हणून त्या साध्या स्क्रूड्रायव्हरचा डॉक्टरच्या नळीसारखा उपयोग होतो. हे त्यांनी नंतर सांगितलं, आधी ऐकवलं.

त्याच सरांनी पुढं बऱ्याच उशिरा, पोरं कॉलेजात गेल्यावर पीएचडीला नाव घातलं आणि विषय काय घेतला तर फिरणाऱ्या मशीनचं व्हायब्रेशन. बोर्डवर त्यांच्या फोटोखाली आता तेच लिहिलेलं असतं. बाहेरच्याला तो नुसता एक शब्द वाटतो, आम्हाला त्यात तो स्क्रूड्रायव्हर दिसतो.

आता शिक्षक व्हायला लागतं काय ते पण थोडक्यात सांगतो कारण पालकांना याची कल्पना नसते. पॉलिटेक्निकला लेक्चरर व्हायला फर्स्ट क्लास बीई लागते, डिग्री कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर वर एमई किंवा एमटेक, आणि प्रोफेसरच्या जागेसाठी पीएचडी आणि किमान १० वर्षांचा अनुभव. म्हणजे कागदावर सगळे सारखेच दिसतात. पण एक जण बीई-एमई-पीएचडी सरळ करून वर्गात आलेला असतो, दुसरा पाइपच्या कारखान्यात एक्सट्रुडरवर, म्हणजे पाइप काढायच्या मशीनवर, उभा राहून आलेला असतो, तिसरी पाटबंधारेच्या कामावर साइट इंजिनिअर होती. २०२२ साली यूजीसीने प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस नावाचा प्रकार आणला, त्यात आपल्या क्षेत्रात १५ वर्षं काम केलेल्या माणसाला पीएचडी नसली तरी शिकवायला घेता येतं, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तिथं १९५५ साली ग्रिंटर यांच्या कमिटीचा रिपोर्ट आला, त्यात इंजिनिअरिंगच्या शिक्षणात गणित आणि सायन्स वाढवा असं सांगितलं होतं, आणि १९५७ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह वर गेल्यावर तर तो ओढा अजूनच वाढला. वर्कशॉप, ड्रॉइंग, हाताने करायची कामं अभ्यासक्रमातून कमी होत गेली. पण कारखान्यांना तर तीच माणसं हवी होती, मग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी नावाची वेगळी डिग्री वाढली, आणि तिथं शिकवणाऱ्यांमध्ये इंडस्ट्रीत काम करून आलेल्यांना फार मान. पुढे डिग्र्यांना एकमेकांच्या देशात मान्यता द्यायचे करार पण वेगवेगळे झाले, इंजिनिअरसाठी १९८९चा वॉशिंग्टन अकॉर्ड, टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१चा सिडनी अकॉर्ड, टेक्निशियनसाठी २००२चा डब्लिन अकॉर्ड. भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला. आपल्याकडे तशी वेगळी डिग्री फारशी रुजली नाही, आपल्याकडे डिप्लोमा आणि बीई, आणि सगळ्या प्रकारचे शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये एकाच किटलीतला चहा पितात. मला यात फायदाच दिसतो, का ते पुढे येईलच.

खान्देशाला तर या गोष्टीचं फार जुनं उदाहरण आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर होऊन १८८४ साली विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले आणि सुरुवातीच्या दिवसांतच त्यांची नेमणूक आपल्याकडे धुळ्याच्या बाजूला झाली, पांझरा नदीच्या भागात पाइप सायफनचं काम त्यांनी केलं. सायफन म्हणजे मध्ये नदी आडवी आली तरी पाइप खालून नेऊन पलीकडे पाणी जवळपास त्याच पातळीला वर काढायचं, पंप नाही, काही नाही, पलीकडची पातळी थोडी खाली असली की झालं. त्याच पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आलेली, नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी. पुढं १८९९च्या सुमाराला त्यांनी कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली, जमिनीचे ब्लॉक पाडून पाणी आणि पीक फिरवायचं. ती वाचताना मला तरी फड आठवल्याशिवाय राहत नाही. आणि १९१७ला बेंगळुरूला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं ते त्यांच्याच पुढाकाराने. आधी माती तुडवली, मग शिक्षणात हात घातला.

आता आजचं सांगतो. माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतात, माहेर रावेर तालुक्यात, घरची केळी. लहानपणी सावद्याला वखारीत घड भट्टीला लावलेले बघत मोठ्या झाल्या, धूर द्यायचे, दार लावायचे आणि दोन-तीन दिवसांनी उघडायचे. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न बसला होता की मधल्या थरातले घड आधी मऊ का पडतात आणि कडेचे हिरवे का राहतात. त्यांचा रिसर्च इंटरेस्ट आज रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीचं, कंट्रोल हाच आहे, आणि या विषयात केवढं सायन्स भरलंय ते ऐका.

केळं तोडल्यावर पण जिवंत असतं, श्वास घेतं, ऑक्सिजन आत घेतं आणि कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर सोडतं. पिकायला लागलं की हा श्वास एकदम कितीतरी पटींनी वाढतो. पिकायचा इशारा देणारा वायू म्हणजे इथिलीन, जो केळं स्वतःही तयार करतं आणि धुरातही थोडा असतो, म्हणून जुनी धुराची युक्ती चालायची. आता चेंबरमध्ये इथिलीन मोजून सोडतात, नियमाने १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. कार्बाइडवर बंदी आहे कारण त्याच्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची घाण येते. पण नुसता इथिलीन सोडून भागत नाही. क्रेट थरावर थर रचलेले असतात, मधल्या क्रेटची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, ते गरम होतात, गरम झाले की श्वास अजून वाढतो, अजून गरम होतात. त्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचं काम अडवतो म्हणून दिवसातून दार उघडून हवा बदलावी लागते. तापमान साधारण १६ ते १८ डिग्रीत धरायचं, आणि १२-१३च्या खाली गेलं तर साल काळपट पडते, मग तो माल दिल्लीला गेला तरी कुणी हात लावत नाही. म्हणजे सेन्सर कुठं लावायचा हाच सगळा खेळ. भिंतीवर लावला तर तो भिंतीचं तापमान सांगणार, केळीचं नाही. मॅडमनी सेन्सर फण्यांच्या मध्ये, देठाजवळ, बोटाएवढ्या फटीत बसवायला घेतला. ही जागा त्यांना पुस्तकात नाही सापडली, लहानपणी घड उतरवताना हात घातला की तिथं ऊब लागायची ती त्यांच्या लक्षात होती.

अशी माणसं आपल्याकडे जागोजागी आहेत. दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या आसपास वाढलेल्या सिव्हिलवाल्याला फ्लाय ॲशचं वेड लागतं, कारण त्याच्या अंगणात ती राख पडायची. ती राख म्हणजे सूक्ष्म काचेच्या गोळ्या असतात आणि त्यातला सिलिका सिमेंटमधल्या चुन्याशी पाण्यात हळूहळू जोडला जातो म्हणून काँक्रीट उशिरा पण दाट होतं. साक्रीकडच्या पोराला सोलर हाच विषय दिसतो, त्या तालुक्यात शिवाजीनगरला महाजेनकोचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि पॅनेलची ताकद मोजतात २५ डिग्रीला, आपल्या मे महिन्यात पॅनेल ६५-७० डिग्रीला जाऊन बसतं, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के घट धरली तर ऊन भरपूर असून १६ ते १८ टक्के वीज कमी. जर्मनीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न एवढा कशाला छळेल.

मग सरळ बीई-एमई-पीएचडी केलेल्यांचं काय, ते कमी का? अजिबात नाही, आणि माझा मुद्दा इथंच आहे.

मागच्या वर्षी जळगावात एका ओळखीच्यांच्या डाळमिलमध्ये दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची छोटी मोटर सारखी बेअरिंग खात होती. दोनदा बदलून झालं. मी आमच्या त्या वर्कशॉपच्या सरांना घेऊन गेलो, ते सोबत त्यांच्या डिपार्टमेंटचा एक तरुण असिस्टंट प्रोफेसर घेऊन आले, ज्याने कारखान्यात एक दिवस काढलेला नव्हता पण सिग्नल प्रोसेसिंग त्याच्या हातचा मळ. सरांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि म्हणाले टिकटिक आहे, शाफ्टच्या बाजूला आहे. तरुणाने तिथंच छोटा व्हायब्रेशन सेन्सर चिकटवला आणि लॅपटॉप उघडला. सगळा आवाज एकत्र येतो, कीर्तनात टाळ-मृदंग-पेटी एकत्र येते तसा, आणि फुरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने तो वेगवेगळा करता येतो, कोणता ठोका सेकंदाला किती वेळा.

मग त्याने कागदावर मांडलं. मोटर १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बेअरिंग ६२०५ नंबरचं, आत ९ गोळ्या. गोळ्यांचा पिंजरा शाफ्टच्या साधारण ०.४ पट वेगाने फिरतो, म्हणजे बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर एक गोळी त्यावरून सेकंदाला ९.६ वेळा जाणार, ९ गोळ्या मिळून सुमारे ८६ ठोके. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर सुमारे १३०. स्क्रीनवर सुळका आला तो ८६ला.

बाहेरच्या रिंगला एकाच जागी खड्डा पडतोय म्हणजे भार एकाच बाजूने येतोय, असं सर म्हणाले, आणि लॅपटॉपकडे न बघता खाली वाकून त्यांनी बेल्टवर अंगठा दाबला. बेल्ट तारेसारखा ताणलेला. बेअरिंग बदलताना दर वेळी फिटर तो मुद्दाम घट्ट करत होता, घसरू नये म्हणून. तरुण सरांनी तिथंच वहीत बेल्टच्या ताणाचं गणित लिहायला घेतलं आणि वर्कशॉपचे सर पाना मागत होते.