दुसऱ्या कुत्र्याचा गृहप्रवेश

घरात काही काळ एकच कुत्रा राहिलेला असताना तिथे दुसरा कुत्रा कायमचा राहायला आणणे, आणि दोघांना एकमेकांची सवय होईपर्यंत त्यांच्या जागा, अन्न, फिरणे व माणसांचा सहवास यांची जाणीवपूर्वक व्यवस्था लावणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. बोलताना तिला ‘ओळख करून देणे’ म्हणतात आणि त्या शब्दामुळे दारातच पाच मिनिटांत उरकणारा सोहळा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात पहिली भेट हा तिचा सर्वांत छोटा भाग होय. खरी कसोटी पुढच्या आठवड्यांत लागते, कारण आधीच्या कुत्र्याच्या दृष्टीने त्याच्या झोपण्याच्या, खाण्याच्या आणि माणसाजवळ बसण्याच्या जागेत वाटेकरी आलेला असतो. पाहुणा असता तर परत गेला असता.

कुत्रा हा लांडग्याच्या वंशातील समूहप्रिय प्राणी असून माणसाच्या सहवासात तो किमान १५,००० वर्षे राहत आला आहे, त्यामुळे ‘त्याला जोडीदार हवाच असतो’ असे सहज गृहीत धरले जाते. परंतु ही समूहप्रियता ओळखीच्या समूहापुरती असते. अनोळखी कुत्रा तिच्यात आपोआप बसत नाही. या विषयावरील जुन्या सल्ल्यांत डोकावणारी ‘वर्चस्वा’ची कल्पना बऱ्याच अंशी प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून रूढ झाली. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे सामान्यतः आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंबच असते व त्यात पहिल्या क्रमांकासाठी अखंड झुंज चाललेली नसते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी १९९९ मध्ये मांडले. तरीही ‘दोघांना मोकळे सोडा, कोण मोठा ते आपसांत ठरवतील’ हा सल्ला अजून कानावर येतो. तो घातक आहे. आपसांत काहीतरी ठरते हे खरे, पण एकदा कडाडून चावाचावी झाली की पुढे दोघांनाही तीच आठवत राहते आणि मग दूरवरून झालेली नजरानजरही भांडणाला पुरते.

दुसरा कुत्रा आणण्यामागचा हेतू आधी तपासून पाहावा लागतो. पहिला कुत्रा एकटा राहिला की रडतो, दार ओरबाडतो, म्हणून त्याला सोबत आणली जाते; पण अशा कुत्र्याची ओढ बहुधा ठरावीक माणसाची असते, त्यामुळे ते माणूस बाहेर पडताच दुसरा कुत्रा शेजारी असूनही रडणे चालूच राहते, आणि कधीकधी नवा कुत्राही त्यात सूर मिसळतो. पहिल्याच्या खोडी दुसरा उचलतो हा पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. जो कुत्रा दारावरच्या प्रत्येक घंटीला भुंकतो, पट्टा ओढत फिरतो किंवा अनोळखी कुत्र्यावर धावून जातो, त्याचे वळण आधी सुधारावे व मगच दुसऱ्याचा विचार करावा. थकलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ‘नवी उमेद’ यावी म्हणून पिल्लू आणण्याचा बेत तर फार जपून करावा लागतो. सांधेदुखीने जडावलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर दिवसातून तीस वेळा पिल्लू उडी मारते तेव्हा त्याला उमेद येते की दुखते, हे त्याच्या गुरगुरण्यावरून कळते.

निवडीत वय, लिंग, आकार आणि स्वभाव या चारही गोष्टी मोजल्या जातात, त्यांपैकी स्वभावाचे वजन सर्वांत जास्त असते. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच घरात राहून एकमेकांशी भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्या तपासल्या होत्या. त्यांपैकी ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या आणि माद्यांचा समावेश असलेल्या जोड्याही बऱ्याच होत्या. म्हणूनच शक्य असल्यास नर-मादी जोडी सुचवली जाते. तरी हे आकडे उपचारासाठी आणलेल्या जोड्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या दोन माद्या कोणी दवाखान्यात तपासायला आणत नाही. पिल्लाच्या बाबतीत सुमारे ३ ते १४ आठवडे हा सामाजीकरणाचा काळ महत्त्वाचा असतो. त्याचे महत्त्व कुत्र्यांच्या वर्तनाचे संशोधक जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये विस्ताराने मांडले. या काळात इतर कुत्र्यांशी धड वागायला शिकलेला कुत्रा पुढेही सहसा नव्याला सामावून घेतो. आकारात फार मोठी तफावत असेल तर मैत्री असूनही धोका उरतो, कारण पळणारा, किंचाळणारा लहान कुत्रा मोठ्याच्या मनात खेळाऐवजी शिकार जागी करू शकतो.

घरात पाऊल पडण्यापूर्वी नव्या कुत्र्याची पशुवैद्यकीय तपासणी, लसीकरण, जंतनाशक आणि पिसवा-गोचिडांचा उपाय ही कामे उरकलेली असावीत. डिस्टेंपर किंवा पार्व्हो या रोगांची लक्षणे संसर्ग झाल्या दिवशी दिसत नाहीत, त्यामुळे आगापिछा माहीत नसलेला कुत्रा सुमारे दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे ठरते. पार्व्होचे विषाणू जमिनीत व वस्तूंवर कित्येक महिने तग धरतात. म्हणून उलट बाजूचाही विचार करावा, म्हणजे ज्या घरात हा रोग होऊन गेला आहे तिथे लसीकरण अपुरे असलेले पिल्लू आणू नये. नर-मादी जोडीत निर्बीजीकरण लांबवले की पुढचे अनर्थ वेगळे सांगायला नकोत. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

वेगळ्या खोलीतले हे दिवस वाया जात नाहीत. कुत्र्याची खरी ओळख नाकाने होते. श्वासाबरोबर येणाऱ्या गंधाखेरीज टाळूच्या वर असलेल्या याकॉब्सन इंद्रियानेही तो दुसऱ्या प्राण्याची वार्ता घेतो. नव्याच्या अंथरुणाचा तुकडा जुन्याच्या जागेजवळ आणि जुन्याचा नव्याच्या खोलीत ठेवला की दोघेही एकमेकांना न पाहता ओळखू लागतात. कापड जबरदस्तीने नाकाला लावू नये, जमिनीवर टाकून बाजूला व्हावे. पहिल्या दिवशी कुत्रा ते बराच वेळ हुंगतो, मान ताठ करतो, कधी त्यावर लघवीही करतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास घेऊन सरळ निघून जातो, तेव्हा पुढची पायरी गाठता येते.

पहिली समोरासमोर भेट घराबाहेर, दोघांपैकी कोणाचाही हक्क नसलेल्या मोकळ्या जागी घडवावी. रोजच्या फिरण्याची वाट यासाठी चालत नाही, कारण तिच्यावरचा प्रत्येक खांब जुन्याने आपल्या नावावर करून ठेवलेला असतो. दोन कुत्र्यांना दोन माणसे लागतात. दोघांनी एकाच दिशेने, मध्ये वीस-तीस पावलांचे अंतर ठेवून समांतर चालावे आणि कुत्रे एकमेकांकडे बघून पुन्हा आपल्या वाटेकडे वळू लागले की अंतर हळूहळू कमी करावे. पट्टा हातात सैल, खाली अर्धवर्तुळ पडेल इतपत झुकलेला असावा. ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची छाती पुढे आणि मान वर होते, समोरच्याला ती धमकी वाटते आणि माणसाच्या मनगटातली भीती थेट कुत्र्याच्या गळ्यापर्यंत पोचते. जवळ येताना कुत्रे वळसा घालून, बाजूने येतात; नाकाला नाक लावून सरळ रेषेत भेट घडवणे हा माणसांचा रिवाज आहे. शेपटाच्या बाजूचे हुंगणे तीन-चार सेकंद झाले की आनंदी आवाजात हाक मारून दोघांना पुढे चालते करावे आणि काही वेळाने पुन्हा भेटू द्यावे. ही छोटी छोटी भेट दहा वेळा झाली तरी चालेल, पण एकदाच दहा मिनिटांची होऊ नये.

या वेळी काय पाहायचे, हा या विषयाचा गाभा आहे. जांभई देणे, ओठ चाटणे, नजर फिरवणे, पाण्यातून आल्यासारखे अंग झटकणे, अचानक जमीन हुंगू लागणे या खुणा ताण सांगतात आणि त्याबरोबर ‘मला भांडायचे नाही’ असेही सांगतात. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवणे हे खेळाचे आमंत्रण आहे. उलट तोंड मिटलेले, अंग लाकडासारखे ताठ, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसत असलेले आणि श्वास क्षणभर थांबलेला, अशी स्थिती दोन सेकंद टिकली तरी माणसाने मध्ये अंतर पाडावे. मानेवरचे केस उभे राहणे म्हणजे केवळ उत्तेजना होय, ती रागाची असेलच असे नाही. शेपटाबाबतही घाई नको. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की मालक दिसल्यावर कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजवीकडे अधिक झुकून हलते, तर अनोळखी व दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. २०१३ मध्ये त्यांनाच असे आढळले की डावीकडे हलणारे शेपूट पाहणाऱ्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. हा फरक माणसाच्या डोळ्याला सहसा दिसत नाही, पण ‘शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे’ एवढ्यावर विसंबू नये, हे त्यावरून उमजते.

फिरून झाल्यावर दोघांना बरोबरच घरात न्यावे. त्याआधी वाडगी, हाडे, खेळणी आणि जुन्याची आवडती गादी उचलून ठेवलेली असावीत. भांडणे बहुधा मोकळ्या खोलीच्या मध्यभागी होत नाहीत. ती दाराच्या उंबऱ्यावर, अरुंद बोळात, जिन्यावर, सोफ्याच्या आणि भिंतीच्या फटीत होतात, जिथे एकाला दुसऱ्याला ओलांडूनच जावे लागते. लहान मुलांसाठी दारात बसवतात तसे जाळीदार फाटक येथे सर्वांत उपयोगी साधन आहे. त्यातून दिसते, वास येतो, पण दात पोचत नाहीत. पहिले काही आठवडे माणसाची नजर नसताना दोघांना वेगळे ठेवणे ही शिक्षा नसून नित्याची शिस्त मानावी.

जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून द्यावे. अन्न संपले म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. दार उघडल्याबरोबर एक कुत्रा तडक दुसऱ्याच्या रिकाम्या वाडग्याकडे जाऊन तळ चाटू लागतो आणि ज्याचे वाडगे आहे तो दोन हातांच्या अंतरावर उभा राहून गोठतो. अनेक घरांतले पहिले भांडण या कोरड्या वाडग्यावरून झालेले असते. म्हणून आधी वाडगी उचलावीत आणि मग दार उघडावे. व्हिएन्नातील संशोधकांनी २००९ मध्ये केलेल्या प्रयोगात, शेजारच्या कुत्र्याला पंजा दिल्याबद्दल खाऊ मिळतो आणि आपल्याला मिळत नाही असे दिसताच कुत्रे पंजा देणे लवकर थांबवत असत. मात्र एकाला पाव व दुसऱ्याला मांसाचा तुकडा मिळाला, तर त्याचे त्यांना विशेष वाटले नाही. व्यवहारात याचा अर्थ असा घेता येतो की तराजू लावून वाटणी करण्याची गरज नाही, पण एकाला देताना दुसऱ्याला कोरडे ठेवू नये. मायेबाबतही तसेच घडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६ कुत्र्यांवरील एका प्रयोगात मालकाने कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्याचे लाड केले तेव्हा बहुतेक कुत्रे मालकाला ढोसू लागले आणि काही मध्ये घुसू लागले. जुन्या कुत्र्यासाठी रोज स्वतंत्र फेरी आणि स्वतंत्र वेळ राखून ठेवण्याची शिफारस यामुळेच केली जाते.

गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला रागावणे ही सर्रास होणारी चूक आहे. गुरगुर म्हणजे चावण्यापूर्वी दिलेली सूचना. ती दडपली की पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता चावतो. जुना कुत्रा आगाऊ पिल्लावर एकदा खेकसला आणि पिल्लू मागे हटले, तर तिथे माणसाने पडू नये. पण पिल्लू पुन्हा पुन्हा तेच करत असेल तर त्याला उचलून दूर नेणे माणसाचे काम आहे. म्हाताऱ्याने दिवसभर शिक्षकी करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रत्यक्ष मारामारी जुंपलीच, तर हात किंवा चेहरा मध्ये घालू नये. मोठा आवाज, पाण्याचा मारा, अंगावर टाकलेले जाड पांघरूण किंवा दोघांच्या मध्ये सरकवलेली फळी यांनी ते सुटू शकतात, आणि त्यानंतर दोघांनाही काही दिवस पूर्ण वेगळे ठेवून पुन्हा समांतर फिरण्यापासून सुरुवात करावी लागते. जखम खोल असेल किंवा एकाच आठवड्यात दुसरे भांडण झाले, तर वर्तनाचे ज्ञान असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे, कारण अचानक वाढलेल्या चिडचिडीमागे दात, कान किंवा सांधे यांचे दुखणे वारंवार निघते.

किती काळ लागतो, याचे एक उत्तर नाही. आश्रयगृहांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: पहिल्या टप्प्यात नवा कुत्रा बावरलेला असतो, दुसऱ्यात घराचे वेळापत्रक कळते, तिसऱ्यात त्याचा खरा स्वभाव उघड होतो. पहिल्या तीन दिवसांतले शहाणे वागणे म्हणूनच भरवशाचे नसते. तो बहुधा घाबरून गप्प असतो. जम बसल्याची खूण म्हणून लोक एकत्र खेळण्याची वाट पाहतात, पण त्याहून विश्वासार्ह खूण म्हणजे दोघांनी एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून झोपणे, आणि एक उठून गेला तरी दुसऱ्याने डोके न उचलणे. काही जोड्यांत एवढेही कधी साधत नाही. अशा घरांत एकाला दुसरे घर शोधून दिले जाते किंवा दोन कुत्रे वर्षानुवर्षे पाळीपाळीने मोकळे सोडले जातात, आणि कोणतेही दार उघडण्यापूर्वी ‘दुसरा कुठे आहे?’ असे ओरडून विचारण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लागलेली असते.